गिरणीच्या मस्टरवर नसलेली माझी आजी

माझी आजी गिरणीत कधीही कामाला नव्हती. तरीही डिलाईल रोडच्या बीडीडी चाळीतल्या 160 चौरस फुटांच्या खोलीत तिने तीसएक वर्षे खाणावळ चालवली आणि त्या काळात तिन्ही पाळ्यांचे कामगार तिच्या हातचे जेवून गिरणीच्या दारातून आत गेले. तिला जाऊन आता दहा वर्षे होऊन गेली. ती गेली तेव्हा भेटायला आलेल्या प्रत्येकाने तिच्या हाताची चव, तिची माया आणि तिचा सोशिकपणा यांविषयी भरभरून सांगितले, आणि ते सारे खरेच होते. परंतु ती एक व्यवसाय चालवत होती, त्यात रोजची जोखीम होती, हिशोब होता, कर्ज होते आणि कसब होते, याचा उल्लेख फारसा कोणी केला नाही. मला तिची आठवण प्रथम त्या कामामुळे येते, म्हणून तिच्याविषयी लिहिताना मी त्या कामाविषयीच लिहिणार आहे.

तिचे माहेर मालवण तालुक्यातले. तो भाग तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यात होता. सिंधुदुर्ग जिल्हा 1981 साली वेगळा झाला. जन्मतारीख तिला ठाऊक नव्हती. आयुष्यातल्या गोष्टी ती मोठ्या घटनांवरून सांगत असे. ‘रामदास बुडाली त्याच्या दुसऱ्या वर्षी माझे लग्न झाले’ असे ती म्हणे, आणि रामदास बोट 17 जुलै 1947 रोजी रेवसला जाताना बुडाली होती, त्यावरून आम्ही तिच्या लग्नाचे वर्ष 1948 धरतो. त्या दुर्घटनेत सहाशेंहून अधिक माणसे गेली होती आणि किनाऱ्यावरच्या गावोगावी तिची धास्ती बसली होती. त्यामुळे नवऱ्याकडे मुंबईला निघालेल्या मुलीला पडावातून बोटीवर चढवताना पणजीने देवाला नारळ कबूल केला होता. आजोबा मागखात्यात विणकर होते. आजी भाऊच्या धक्क्यावर उतरली तेव्हा तिच्या सामानात कपड्यांपेक्षा उकडे तांदूळ, कुळीथ आणि सोले यांचेच वजन जास्त होते, असे ती आम्हाला अभिमानाने सांगत असे.

खाणावळ ठरवून सुरू झाली नाही. आजोबांच्या गावचे पंधरा-वीस पुरुष मिळून एक खोली भाड्याने घेऊन राहत. बायका-मुले गावाला असत, ट्रंका भिंतीला लावलेल्या असत आणि पाळ्या वेगवेगळ्या असल्यामुळे एकाने उठावे आणि दुसऱ्याने त्याच जागी पाठ टेकावी, असा त्या खोलीचा क्रम होता. त्यांच्यापैकी दोघे आजोबांच्या नात्यातले होते. त्यांनी महिन्याचे पैसे देऊन जेवण्याविषयी विचारले आणि घरात चार मुले झालेली असल्यामुळे आजीने लगेच होकार दिला. दोघांचे पाच झाले, पाचांचे बारा झाले, आणि माझ्या वडिलांना कळू लागले तेव्हा खाणावळीवर वीस-पंचवीस माणसे जेवत होती. खोली एकच असल्यामुळे माणसे पंगतीपंगतीने बसत. जेवणाऱ्यांची पंगत उठेपर्यंत बाबा आणि आत्या व्हरांड्यात बसून अभ्यास करीत.

गिरण्यांच्या पाळ्या सकाळी सात ते दुपारी साडेतीन, साडेतीन ते रात्री बारा आणि बारा ते सकाळी सात अशा असत, आणि आजीचा दिवस त्याच वेळांवर उभा होता. पहाटे नळाला पाणी येई तेव्हा ती उठे, पिंपे भरून घेई आणि पहिल्या पाळीवाल्यांचा चहा-भाकरीचा डबा सहाच्या आत तयार करी. सातला तिसऱ्या पाळीची माणसे सुटून येत. रात्रभर जागलेल्या त्या माणसांना आंघोळीआधीच भूक लागलेली असे, म्हणून त्यांच्यासाठी पेज आणि सोबत काहीतरी खारे तयार ठेवावे लागे. मग दुपारचे डबे, दुसऱ्या पाळीवर जाणाऱ्यांचे जेवण, पहिल्या पाळीवरून येणाऱ्यांचे जेवण, संध्याकाळचा स्वयंपाक, आणि मध्यरात्री भोंगा झाल्यावर येणाऱ्यांसाठी झाकून ठेवलेली ताटे. ती सलग किती तास झोपत असे, हे मी आत्याला एकदा विचारले. आत्या म्हणाली की आईला झोपलेले आपण लहानपणी फारसे पाहिलेलेच नाही, कारण मुले उठायच्या आधी ती उठलेली असे आणि मुले झोपल्यावर भांडी घासायला बसलेली असे.

कोकणातली माणसे भातावर तृप्त होतात आणि घाटावरच्या माणसाला भाकरी नसेल तर जेवल्यासारखे वाटत नाही. आजीकडे सुरुवातीला फक्त मालवणकडचे लोक होते, पण पुढे सातारा आणि कोल्हापूरकडची मुलेही येऊ लागली. ज्वारीची भाकरी तिच्या माहेरी कधी होत नव्हती. शेजारच्या चाळीतल्या एका सातारकर बाईंकडून ती भाकरी थापायला शिकली आणि त्यांना बदल्यात वाटपाचे बांगड्याचे तिखले शिकवले. भाकरी परातीत सरसर फिरवताना कड जराही फाटता कामा नये, याविषयी ती इतकी काटेकोर झाली होती की पुढे आम्हा नातवंडांना ती मूळची देशावरचीच वाटावी. घाटावरच्या मुलांसाठी झुणका आणि ठेचा वेगळा होई. तिरफळाचा वास त्यांना सोसत नसे, म्हणून त्यांच्या कालवणात ती तिरफळ घालत नसे. एकाच चुलीवर आणि एका स्टोव्हवर, घासलेट रेशनवर मोजून मिळण्याच्या दिवसांत, हे दोन प्रांत तिने शेजारी शेजारी शिजवले.

तिच्या स्वयंपाकाची खरी परीक्षा पगाराआधीच्या आठवड्यात असे. मासळी महाग झाली की ती सुकट किंवा सुके बांगडे काढी, खोबरे कमी पडले की वाटपात भाजलेला कांदा आणि थोडे तांदळाचे पीठ घालून कालवण दाट करी, आणि काहीच नसेल तेव्हा कुळथाची पिठी करी. कुळथाची पिठी आणि भात हे जेवण आजही आमच्या घरात कमीपणाचे मानले जात नाही, हा तिचाच संस्कार आहे. मसाला मात्र तिने कधी विकतचा तयार आणला नाही. उन्हाळ्यात लालबागच्या बाजारातून बेडगी आणि संकेश्वरी मिरची, धणे, बडीशेप, दगडफूल, नागकेशर असा सगळा जिन्नस आणायचा, गच्चीवर कडकडीत वाळवायचा, भाजायचा आणि तिथल्याच डंखावर कुटून आणायचा, हा वर्षाचा मोठा कार्यक्रम असे. डंखासमोर ती स्वतः उभी राही. आपल्या मिरचीत दुसऱ्याची मिरची मिसळू नये म्हणून डंखवाल्याशी वादही घाली. मला आठवते ती म्हातारपणीची आजी, पण मसाल्याचा विषय निघाला की तिचा आवाज एकदम त्या डंखासमोरच्या बाईचा होत असे.

गिरणीत जेवणाच्या सुट्टीत पोहोचवायच्या डब्यांचे काम मुलांकडे होते. शिकलेले कोणी नसल्यामुळे डब्यांवर नावे नसत. प्रत्येकाच्या डब्याच्या कडीला वेगळ्या रंगाचा दोरा बांधलेला असे. तो दोराही मागखात्यातलाच, आजोबांनी आणलेला. बाबांना आजही कोणाचा दोरा हिरवा आणि कोणाचा पांढरा-तांबडा हे सांगता येते, आणि त्या दोऱ्यांवरूनच त्यांना ती माणसे आठवतात: हिरवा दोरावाला तंबाखू मळत गेटवर यायचा, पिवळा दोरावाला रोज डबा उघडून मासळीचा तुकडा मोठा आहे का ते आधी पाहायचा. तुकडे मात्र सगळ्यांचे सारखे असत. याबाबतीत आजोबांनाही सवलत नव्हती.

पैशांची गोष्ट थोडी सविस्तर सांगणे आवश्यक आहे, कारण खाणावळ चालवणाऱ्या बाईचे आयुष्य त्यातच अडकलेले असते. कामगारांचा पगार महिन्यातून एकदा होई आणि तेव्हाच तिचे पैसे येत. परंतु तांदूळ, तेल, डाळ आणि घासलेट रोज लागे. मधले सगळे दिवस वाण्याच्या उधारीवर निघत. उधारी घेणाऱ्याला भाव विचारण्याची सोय नसते, त्यामुळे माल महागही मिळे आणि हलकाही मिळे. पगार झाला की आलेले पैसे थेट वाण्याकडे जात आणि दुसऱ्या दिवसापासून नवी उधारी सुरू होई. म्हणजे वीस-पंचवीस माणसांचा स्वयंपाक करूनही आजीच्या हातात उरत असे ते घरातल्या सहा माणसांचे जेवण, आणि सण आला तर थोडेसे अधिक. आजारपण, बाळंतपण किंवा शाळेची फी आली की सोन्याचा एखादा मणी सावकाराकडे जाई. गिरणगावातल्या शेकडो खाणावळी याच पद्धतीने चालत आणि सर्वांची कोंडी एकाच ठिकाणी होती.

हिशोब ती भिंतीवर ठेवत असे. दाराच्या मागच्या बाजूला प्रत्येक जेवणाऱ्याची जागा ठरलेली होती आणि तिथे कोळशाने रेघा मारलेल्या असत. उभी रेघ म्हणजे जेवण, आडवी म्हणजे खाडा. आगाऊ सांगून केलेला खाडा वजा होई, न सांगता केलेला होत नसे, आणि हा नियम कोणासाठी बदलत नसे. बदली कामगारांच्या बाबतीत मात्र तिने वेगळा नियम केला होता. बदलीवाल्याला रोज सकाळी गेटवर उभे राहावे लागे. कायमचा कोणी गैरहजर असेल तरच काम, नाहीतर त्या दिवसाची मजुरी नाही. असा माणूस काम न मिळता परत आला की तोंड चुकवून खोलीवर जाऊन पडे. आजी मुलांना पाठवून त्याला बोलावून घेई. ‘आधी जेव, मगे काय ता बोल,’ हे तिचे वाक्य आमच्या घरात आजही कोणी रागावून आले की वापरले जाते. तिचे म्हणणे असे की उपाशी माणसाला हिशोब कळत नाही. त्यामुळे आधी वाढायचे आणि पैशांचे नंतर पाहायचे, यात तिला दयेपेक्षा व्यवहार अधिक दिसत होता.

1972 च्या दुष्काळात रेशनवर लाल मिलो मिळू लागला, त्याच्या भाकऱ्या थापताना तुटत आणि जेवणारी मुले ताटावरून उठून जात. तेल आणि डाळ यांचे भाव वाढतच होते. त्याच वर्षी मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आणि त्यांच्या सहकारी स्त्रियांनी महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभी केली आणि लाटणी-थाळ्या घेऊन हजारो बायका रस्त्यावर आल्या. आजी त्या मोर्चाला गेली होती. पहाटेपासूनचा स्वयंपाक उरकून, दुपारचे डबे रवाना करून, शेजारणींबरोबर ती चालत गेली आणि संध्याकाळच्या स्वयंपाकाला परत आली. मोर्चात घोषणा कोणत्या होत्या हे तिला पुढे आठवत नसे, परंतु एवढ्या बायका एकत्र रस्त्यात आपण प्रथमच पाहिल्या, असे ती सांगे, आणि ते सांगताना तिचा चेहरा खुले.

पुढे 1975 साली प्रेमा पुरव यांनी गिरणगावातल्या खाणावळवाल्यांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले. माझ्या मते गिरणगावाच्या इतिहासातली ही फार मोठी घटना आहे आणि तिला मिळायला हवे तेवढे महत्त्व मिळालेले नाही. प्रेमाताई मूळच्या गोव्याच्या. गोवा मुक्तीच्या लढ्यात भाग घेतलेल्या आणि नंतर मुंबईत कामगार चळवळीत आलेल्या. संप झाला की कामगारांना उधारीवर जेवू घालून तो संप प्रत्यक्षात टिकवतात त्या या बायका, आणि कामगार संघटनेत मात्र त्यांना जागा नाही, हे त्यांनी ओळखले. बँकांचे राष्ट्रीयीकरण झालेले होते आणि गरिबांना चार टक्के व्याजाने कर्ज देण्याची योजना आलेली होती. पण ज्या बाईकडे तारण नाही, सही नाही, दुकान नाही, तिला बँकेच्या पायरीवर उभे करणार कोण? मंडळाने बायकांचे गट केले, एकीने दुसरीची हमी घेतली आणि कर्जे मिळू लागली.

आजीला कर्ज मिळाले तेव्हा तिने पहिली गोष्ट केली ती म्हणजे वाण्याची बाकी एकरकमी चुकती केली. त्यानंतर ती आत्याला घेऊन दाणाबंदरला गेली आणि रोख पैसे देऊन तांदळाची गोणी निवडून घेतली. गोणीत हात घालून, दाणा दाताखाली चावून, भाव पाडून माल घेण्याचे सुख तिला वयाच्या चाळिशीनंतर मिळाले. आत्या सांगते की परत येताना आई टॅक्सीत गोणीवर हात ठेवून बसली होती आणि वाटेत एक शब्दही बोलली नव्हती. बँकेच्या कागदासाठी ती सही करायला शिकली. अक्षरे तिला शेवटपर्यंत नीट वाचता आली नाहीत, परंतु सही ती सावकाश, एकेक वळण पूर्ण करून, शिरोरेघ शेवटी ओढून करी, आणि त्या वेळी तिच्याशी कोणी बोललेले तिला चालत नसे.

18 जानेवारी 1982 रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. आधीचे संप पाहिलेले असल्यामुळे आजीने दोन-तीन महिन्यांचा अंदाज धरून धान्य भरले. तीन महिने गेले, सहा गेले. कोकणातले लोक हळूहळू गावी परतले, घाटावरची मुले सुगीला म्हणून गेली ती आलीच नाहीत. जे मागे राहिले ते हमाली करू लागले, भाजीच्या टोपल्या घेऊन बसू लागले, आणि त्यांतले काही आठवड्यातून एखाद्या दिवशीच जेवायला येऊ लागले. आजीने त्या काळात कोणालाही परत पाठवले नाही. घरात आजोबाही संपावरच होते. म्हणजे पगार नव्हता, खाणावळीचे पैसे नव्हते आणि बँकेचा हप्ता होता. तिच्या दोन पाटल्या त्याच वर्षी गेल्या. हप्ता मात्र तिने चुकवला नाही, कारण आपला हप्ता चुकला तर गटातल्या दुसऱ्या बायकांना पुढचे कर्ज मिळणार नाही, हे तिला ठाऊक होते. दाराच्या मागे कोळशाच्या रेघा इतक्या झाल्या की त्या दुसऱ्या भिंतीवर गेल्या.

तो संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही, तो विरत गेला. आजोबांची गिरणी पुढे काही काळ अर्धवट चालली, परंतु त्यांना परत घेतले नाही आणि त्यांच्या हक्काच्या पैशांसाठी त्यांनी अनेक वर्षे चकरा मारल्या. त्या भिंतींवरच्या रेघांचे बहुतेक पैसे कधीच आले नाहीत. बाबांनी एकदा, मी कॉलेजमध्ये असताना, ते येणे कोणाकोणाचे होते ते तिला विचारले. तिला सगळी नावे, गावासकट, पाठ होती हे आम्हाला माहीत होते. ती म्हणाली, ‘त्यांची पोरां आता मोठी झाली, नावां कित्याक होयी तुका?’ आणि तिने तो विषय तिथेच बंद केला. सणावाराला गावाकडून कोणी फणस, कोणी काजूगर, कोणी सोले पाठवी. ती ते ठेवून घेई आणि कोणी पाठवले हेही आम्हाला सांगत नसे.

खाणावळ बंद झाल्यावर ती थांबली नाही. तिने मसाला, पापड आणि कोकम आगळ करून विकले, लोअर परळमध्ये नव्याने सुरू झालेल्या कार्यालयांतल्या मुलींना डबे दिले, आणि आम्हा नातवंडांना सांभाळले. गिरण्यांच्या जागी मॉल आणि काचेच्या इमारती उभ्या राहिल्या, तेव्हा तिला तिथे घेऊन जाण्याचा आम्ही आग्रह केला. ती आली, सरकत्या जिन्याला घाबरली नाही आणि खाण्याच्या मजल्यावर गेल्यावर मात्र बराच वेळ उभी राहून स्वयंपाकघरांकडे पाहत राहिली. एका ताटाचे पैसे ऐकल्यावर तिने जे विचारले ते मला फार आवडले: त्या पैशांतले भाजी चिरणाऱ्या मुलीला किती मिळतात? आम्हा कोणालाच उत्तर देता आले नाही.

गिरणी कामगारांना घरे देण्याची योजना आली तेव्हा आजोबा हयात नव्हते. अट अशी होती की 1 जानेवारी 1982 रोजी किंवा त्यानंतर कामगाराचे नाव गिरणीच्या पटावर असले पाहिजे. आजोबांचे होते, त्यामुळे आजीला अर्ज करता आला, परंतु तो वारस म्हणून. अर्जावर तिने स्वतःची सही केली, शिरोरेघ शेवटी ओढली. त्या अर्जात किंवा गिरण्यांच्या कोणत्याही कागदात खाणावळवालीसाठी रकाना असण्याचे कारणच नव्हते, हे मला समजते. नोकरीचा हिशोब नोकरीच्या कागदांवरच होणार. तरीदेखील जिच्या चुलीवाचून बदलीवाला दुसऱ्या दिवशी गेटवर उभा राहू शकला नसता, तिचे नाव कामगारांच्या इतिहासात कुठेतरी स्वतःचे म्हणून यावे, असे मला मनापासून वाटते.

म्हणून आत्या आणि मी मिळून तिच्या खाणावळीची माहिती लिहून काढत आहोत: कोणत्या पाळीला काय शिजे, पायलीभर तांदळात किती माणसे होत, घासलेट किती लागे, खाडा कसा धरला जाई, कर्जाचा गट कसा बनला, दोऱ्यांचे रंग कोणते होते. आत्याची नजर आता अधू झाली आहे आणि तिच्या वयाच्या बायका चाळींच्या पुनर्विकासामुळे विरार, कल्याण, पनवेलपर्यंत पांगल्या आहेत, त्यामुळे हे काम सावकाश चालले आहे. तुमच्या घरात लालबाग, परळ, शिवडी, वरळी किंवा भायखळ्याला खाणावळ चालवलेली आजी, मावशी किंवा काकू असेल, किंवा अशा खाणावळीत जेवलेले आजोबा असतील, तर त्यांना महिन्याचे पैसे किती होते, उधारी कोणाकडून येई आणि संपाच्या काळात काय झाले, हे विचारून लिहून ठेवावे आणि शक्य असल्यास मला कळवावे. नावे सांगायची नसतील तर नावांचा आग्रह धरू नये. आमच्या वहीतही ती नाहीत.